कंबर अजून थोडी कमी

माझे भाओजी कपड्यांच्या दुकानांसाठी पुतळे बनवायचे. काचेमागे नवे कपडे घालून उभे असतात ते. घराची मागची खोली म्हणजे त्यांचा कारखाना. कारखाना म्हणायचं आपलं. एक टेबल, प्लॅस्टरची पोती आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बिनडोक्याच्या बाया. त्यांच्याकडे पाठ करून उभं राहायला मला कधीच आवडलं नाही.

भाओजींचा पहिला साचा माझ्या ताईच्या अंगावरून निघाला. लग्न नवीन होतं, बाहेरची मॉडेल कुठून आणणार? ताई अंगाने चांगली भरलेली, आणि तेव्हा तेच चालत होतं. ‘बाई कशी खात्यापित्या घरची दिसली पाहिजे,’ असं दुकानदार बजावून सांगायचे. मी मात्र काटकुळी. चार लोकांत न्यायचं म्हटलं की आई मला कपड्यांवर कपडे चढवायची, तरी माझ्या लग्नाचं बोलणं दोनदा ‘मुलगी आजारी असते का?’ इथेच अडलं. ताईचे पुतळे बाजारभर मिरवत होते आणि मी नाक दाबून दुधाचे पेले रिचवत होते. माझा किती जळफळाट व्हायचा म्हणून सांगू!

पुढे वारं फिरलं. कुठून फिरलं ते मला विचारू नका, मला विचारून कोणी फिरवलं नाही. दुकानदार प्रत्येक ऑर्डरीला एकच सांगू लागले, कंबर अजून थोडी कमी. दर वेळी नवा साचा कोण करणार, म्हणून भाओजी जुनाच पुतळा कानशीने घासत. आधी पोट गेलं, मग कंबर, मग दंड. ताई चहा घेऊन मागे जायची आणि विचारायची, ‘आज माझं काय काय कापलंत?’ दोघं खो खो हसायची. काही वर्षांनी ती विचारेनाशी झाली. आरशासमोरून जाताना ती मान फिरवून घ्यायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मला मात्र बायका रस्त्यात थांबवून विचारत, ‘अहो, तुम्ही खाता तरी काय?’ तीच मी, तीच माझी हाडं.

ताईची मुलगी गुबगुबीत गालांची, म्हणून तिला सगळे ढबू म्हणायचे. ती त्या पुतळ्यांच्या पायांशी रांगतच मोठी झाली. कॉलेजात जायला लागल्यावर एकदा मी तिला मागच्या खोलीत पाहिलं. एका पुतळ्याला पाठ लावून ती उभी होती आणि आपलं अंग कुठे कुठे बाहेर येतंय ते हाताने चाचपत होती.

‘मावशी, इथे अजून जास्त आहे बघ,’ ती हसून म्हणाली.

मग तिचं जेवण कमी झालं. आज मैत्रिणीकडे खाल्लं, उद्या पोट जड आहे, रोज नवं कारण. गाल गेले. मनगटांच्या काड्या झाल्या. ताई ताट घेऊन तिच्या मागे फिरायची, हातापाया पडायची. आणि भाओजी? सांगताना अजूनही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ते खूश होते! ‘कानस लावायला जागाच ठेवली नाही पोरीने,’ असं कौतुकाने म्हणायचे. तिच्यावर जीव नव्हता असं नाही, उलट जीव टाकायचे. पण बाईच्या अंगातून काय काढायचं एवढंच बघण्यात सगळा जन्म गेलेला, त्या नजरेला पोरीची दशा दिसेचना. एका मोठ्या दुकानाची ऑर्डर आली तेव्हा म्हणाले, ‘या खेपेला आपल्या ढबूचाच साचा घेऊ.’ ढबूचा चेहरा असा काही उजळला की ‘नको’ म्हणायचं सोडून मी मदतीला येते म्हणाले.

साच्याच्या दिवशी मी मदतीला होते. ढबू अंगाबरोबर बसणारे जुने कपडे घालून उभी राहिली आणि आम्ही दोघं ओल्या प्लॅस्टरच्या पट्ट्या तिच्यावर चढवत गेलो. प्लॅस्टर घट्ट होताना चांगलंच तापतं. भल्याभल्या मॉडेल ‘भाजतंय, काढा’ म्हणून ओरडतात. म्हणून भाओजींनी टेबलफॅन लावला.

‘फॅन नको बाबा,’ ढबू म्हणाली. ‘थंडी वाजतेय.’

भाओजींनी तिच्या पाठीवरच्या प्लॅस्टरवर हात ठेवला. ते गरम होतं. पोरीचे दात वाजत होते आणि ओठ निळे पडले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या माणसाला तेव्हा कुठे आपली मुलगी दिसली.

‘ढबू, काढतो मी हे.’

‘नका ना बाबा, साचा बिघडेल,’ ती म्हणाली आणि तिचे पाय लटपटले. मी तिला धरलं. भाओजींनी दोन्ही बाजूंनी प्लॅस्टर कापून तिला मोकळं केलं. ती माझ्या हातात आली तेव्हा तिचं काही वजनच लागेना.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं. हृदय फार मंद चाललंय म्हणाले, आणि बाकीचं ताईला बाहेर नेऊन सांगितलं. ताई आत आली ती भिंत धरत. भाओजी तडक घरी निघाले, म्हणून मीही मागोमाग गेले. टेबलावर साचा पडला होता. सुरेख निघाला होता, कुठे चरा नाही. त्यांनी हातोडा उचलला आणि त्याचा चुरा केला. मग भिंतीजवळच्या एकेक बाईला घेतलं. मी दारात उभी राहून बघत होते आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं. वाटलं, सुटली पोर.

दुसऱ्या दिवशी मी ढबूपुढे सुपाची वाटी ठेवली आणि भाओजी खाटेशी बसले. तिचा हात त्यांनी हातात घेतला.

‘बाळा, मी सगळं फोडून टाकलं. तुझा साचासुद्धा. आता तसलं घरात काही उरलं नाही. तू फक्त जेव.’

ढबूने हात कसाबसा उचलून त्यांचे डोळे पुसले.

‘असू दे बाबा, रडू नका,’ ती म्हणाली. ‘तसाही तो कंबरेत जाडच झाला असता. पुढचा छान येईल.’

आणि तिने सुपाची वाटी हळूच माझ्याकडे सरकवली.