उतरत्या सेलवरची रेकॉर्ड

चहा निवायच्या आत सांगून टाकतो. नाहीतर आमची बायको आतून येईल आणि स्वतःच सांगायला बसेल, आणि तिच्या तोंडून हा किस्सा मला फार महागात पडतो. तुम्ही आयुष्यात फजित्या पाहिल्या असतील, पण भर मैफिलीत एका धडधाकट बाईला मेलेला म्हातारा ठरवून तिच्यासाठी डोळे पुसणारा माणूस पाहिला आहे का? मग नीट पाहून घ्या, तुमच्यासमोरच बसला आहे.

मी तेव्हा इटियाडोह धरणाच्या बाजूला आमच्या गावाजवळच्या सबस्टेशनवर ऑपरेटर होतो. दिवस लोडशेडिंगचे. त्यामुळे आमचं काम वीज देण्यापेक्षा घालवण्याचं जास्त. सकाळची ड्युटी संपता संपता वरून फोन यायचा, मी गावाला वीज नेणारा फीडर पाडायचो, सायकल काढायचो आणि मीच अंधार केलेल्या, पंखा बंद असलेल्या घरात जेवायला जायचो. गाव माझ्या नावानं बोटं मोडायचं आणि त्यात सगळ्यात पुढे आमची माय असायची. हे एवढं लक्षात राहू द्या, पुढे कामाला येईल.

तर, गोंदियाचं स्थळ आलं. मुलीचे वडील टेंभरे काकाजी, रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. मुलगी वर्षा, शाळेत शिकवणारी. निघताना मायनं मला बजावलं की चष्मा खिशात ठेव, तुझ्या जाड काचा पाहून पोरीकडचे घाबरतात. म्हणून मी आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय घ्यायला आंधळ्यासारखा गेलो. वर्षा मला धुक्यातून दिसावी तशीच दिसली. पण चहा ठेवताना ती जे बोलली, ते मात्र स्वच्छ ऐकू आलं.

"साखर कमी असन तर सांगा," ती म्हणाली, "जास्त असन तर आता इलाज नाही."

झालं! मी तिथंच खलास. लग्न करीन तर हिच्याशीच, नाहीतर फीडर पाडत म्हातारा होईन, असं मनाशी पक्कं करून टाकलं.

तेवढ्यात काकाजींनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं फ्रेममध्ये एका रेकॉर्डचं कव्हर लावलेलं होतं. मला दिसलं ते एवढंच, की काळ्याभोर केसांचं एक मोठं गोल टोपलं आहे आणि त्याखाली कोणीतरी आहे. काकाजींनी विचारलं, "ओळखलं का?"

शहाणा माणूस 'नाही' म्हणाला असता. मी म्हणालो, "न ओळखाले का झालं काकाजी? कॉलेजपासून ऐकून राहिलो."

काकाजी ताडकन उठले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. मग त्यांनी सगळं सांगितलं. सत्तरच्या दशकातला अमेरिकेतला अल्बम, तिकडे या गाण्याला 'सोल' म्हणतात. तिथल्या काळ्या लोकांचं, चर्चमधून बाहेर आलेलं, जीव तोडून म्हणायचं गाणं. एक इंजिन ड्रायव्हर साहेब गोंदिया सोडून जाताना ही रेकॉर्ड त्यांना देऊन गेले होते. तेव्हापासून दर उन्हाळ्यात एका रविवारी काकाजी आणि त्यांचे रेल्वेतले दोस्त एकत्र बसतात, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ती ऐकतात आणि मग तिच्यावर बोलतात.

"आजवर वर्षाले पाहाले आलेल्या एकाही पोरानं ओळखली नव्हती," काकाजी म्हणाले. "तुमी या पुढच्या महिन्यातल्या बैठकीले. दोन शब्द बोला. मंग पुढचं पाहू."

पुढचं म्हणजे लग्नाचं, हे सोबत आलेल्या माझ्या मामानं बसस्टँडवर समजावून सांगितलं. आणि असंही सांगितलं, की भाच्या, तू आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला आहेस.

बैठकीला महिना होता. काकाजींनी घेतलेलं रेकॉर्डवरचं नाव मी बसच्या तिकिटामागे लिहून ठेवलं होतं. ते नाव मी आजही कोणापुढे घेत नाही, घरात हसू सुरू होतं. गोंदियाच्या बाजारात कॅसेट भरून देणारा एक दुकानदार होता, त्याला तिकीट दाखवलं. तो म्हणाला, "इसको कोई नहीं पूछता भैया, आप पहले हो." चार दिवसांनी त्यानं एक कोरी कॅसेट हातात ठेवली. ना कव्हर, ना फोटो, ना काही. मी देवाचे आभार मानले आणि घरी आलो.

आता अडचण अशी, की मी घरी असायचो तेव्हा वीज नसायची, आणि वीज असायची तेव्हा घरातल्या एकुलत्या एका प्लगवर मायची मालिका चालायची. मालिका बंद कर म्हणायची माझी काय छाती? सबस्टेशनवर टेप न्यावा, तर ड्युटीवर गाणी ऐकताना साहेबांनी मला एकदा धरलंच होतं. राहिले सेल. नवे घ्यावेत तर दोन दिवसांत उतरायचे, म्हणून सगळे करतात तेच मी केलं. अंगणात मायची मोहफुलं वाळत होती, त्यांच्या बाजूला घरातले जुने, उतरलेले सेल मांडले. दुपारी उन्हात तापवून त्यांच्यात थोडी धुगधुगी आणायची, टेपमध्ये घालायचे आणि ऐकायचं.

पहिल्याच दिवशी माय दारात येऊन उभी राहिली.

"काऊन रे, हा बुढा कायले कन्हून राहिला? याले दवाखान्यात काऊन नाही नेत?"

"माय, हे आत्म्याचं गाणं होय."

"हो ना, आत्मा जाऊनच राहिला त्याचा," माय म्हणाली आणि मोहफुलं हलवायला गेली.

तुम्ही हसा, पण मला तो म्हातारा आवडायला लागला. काय तो खोल आवाज! विहिरीच्या तळातून यावा तसा. ना घाई, ना गडबड. एकेक शब्द असा ओढत आणायचा, जसा धानाच्या रोवणीच्या चिखलातून रेड्यानं पाय काढावा. आणि शेवटचं गाणं? त्यात तर तो हळूहळू थांबतच जायचा. आवाज जड व्हायचा, श्वास तुटायचा आणि एका ओळीच्या मधेच सगळं शांत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी समजलो की गाता गाता गेला बिचारा. कधी कधी तो आधीच्याच एखाद्या गाण्यात प्राण सोडायचा, पण मी म्हटलं कलाकार माणूस, त्याची मर्जी. खरं सांगतो, वीज खात्यात इतकी वर्षं काढलेल्या या माणसाच्या डोक्यात एकदाही आलं नाही, की सेल उतरत असतील आणि टेप मंद फिरत असेल.

बैठकीच्या दिवशी सकाळीच उठलो. टेप पिशवीत घेऊन निघालो, उजळणीसाठी. सडक अर्जुनीला ट्रकांच्या रांगेत बस अडकली, तिथं टेप मांडीवर ठेवून म्हाताऱ्याला आणखी एकदा मरू दिलं. मग डोळे मिटून भाषण घोकत बसलो. इंग्रजी शब्द मला चार कळले होते, बाकी सगळी भिस्त भावनेवर. काकाजींनी नापास केलं तर वर्षा गेली, एवढंच डोक्यात फिरत होतं.

काकाजींच्या बैठकीच्या खोलीत सतरंजी टाकलेली होती. पाच-सहा म्हातारे, सगळे रेल्वेचे. त्यातले मुख्य शुक्लाजी, जुने टीसी, नजर अशी की खरं तिकीट असलेल्या माणसालाही खिसा चाचपावासा वाटावा. आतल्या दाराच्या पडद्याखाली मला वर्षाचे पाय दिसत होते. चष्मा अर्थातच खिशात.

मी समजत होतो की आधी रेकॉर्ड वाजेल, मग बोलायचं. पण काकाजी म्हणाले, "आपल्याकडचा नियम असा हाये, का नवा माणूस आधी बोलते. ऐकून तं कोणीबी बोलन. आठवून बोलला तं खरा."

हे मला ठाऊक नव्हतं. पण उठलो आणि बोललो. अहो, कसला बोललो! सुरुवातीला अडखळलो, मग म्हातारा डोळ्यांसमोर आला आणि मी सुटलो. म्हणालो, हा माणूस साठीच्या पुढचा असावा. यानं आयुष्यभर मार खाल्ला आहे. याच्या छातीत दम्याची घरघर आहे, पण त्या घरघरीतही सूर आहे. याला कोणावर राग नाही, फक्त थकवा आहे. आणि शेवटच्या गाण्यात, मंडळी, तो आपल्यासमोर प्राण सोडतो. एवढं बोलून मी रुमालानं डोळे टिपले.

मग समोर पाहिलं. एका म्हाताऱ्यानं खाली मान घातली होती. शुक्लाजींनी गमछा तोंडावर घेतला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडताहेत. मी म्हटलं, जिंकलं! वर्षा आपली झाली.

काकाजी उठले, रेकॉर्ड पुसली, लावली आणि सुई ठेवली.

काय सांगू! लग्नाच्या वरातीत वाजावेत तसे ढोल वाजले, भोंगे वाजले आणि त्यावर एका तरुण बाईचा खणखणीत आवाज खोलीभर झाला. नाचरा, लडिवाळ, मधेच हसणारा. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण गप्प बसेन तर मी कसला? मला वाटलं, काहीतरी बिघाड आहे, आणि बिघाड म्हणजे तर माझं खातं.

"काकाजी, बंद करा," मी म्हणालो. "रेकॉर्ड जोरात फिरून राहिली. तुमच्याकडं व्होल्टेज जास्त हाये."

आणि नुसतं म्हणून थांबलो नाही. खिशातून टेस्टर काढला, गुडघ्यांवर रांगत प्लगपर्यंत गेलो आणि सगळ्यांसमोर तो प्लगमध्ये घातला. टेस्टरचा दिवा लागला, तो वीज असली की लागतोच. मी मान हलवून म्हणालो, "पाहा, जास्तच हाये."

"बेटा," शुक्लाजी गमछा बाजूला करून म्हणाले, "चश्मा है?"

त्यांनी भिंतीवरची फ्रेम काढून माझ्या हातात दिली. मी चष्मा लावला. केसांच्या त्या गोल टोपल्याखाली एक तरुण बाई होती, कानांत मोठ्या रिंगा, आणि ती थेट माझ्याकडे पाहून हसत होती. दमा वगैरे तिला काही दिसत नव्हता.

मला वाटलं की जमीन दुभंगावी. काकाजींनी सुई उचलली आणि गार्डाच्या शांतपणानं चौकशी सुरू केली.

"कायच्यावर ऐकली?"

"टेपवर. सेल घालून."

"सेल काऊन? लाइन नाही का गावात?"

"लोडशेडिंग असते, काकाजी."

"कोण करते लोडशेडिंग?"

मी खाली पाहिलं. "मीच."

आता मात्र खोली हसण्यानं फुटली. एक जण तर सतरंजीवर आडवाच झाला. मी पिशवी उचलली आणि दाराकडे सरकलो. एवढ्यात पडदा हलला. वर्षा बाहेर आली आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, मले तो मेलेला बुढा ऐकाचा हाये."

टेप पिशवीतच होता, सांगतो काय. तिनं तो मधोमध ठेवला आणि बटन दाबलं. बसमध्ये वाजून वाजून सेल आणखी उतरले होते, म्हातारा नेहमीपेक्षाही वाईट अवस्थेत होता. पहिल्यांदा सगळे हसले. मग हसणं कमी झालं. मग कोणीच हसेना. म्हातारा एकेक शब्द ओढत होता, श्वास तुटत होता, आणि ज्यांना ती गाणी तोंडपाठ होती ते सगळे टेपकडे वाकून बसले होते. आवाज जड झाला आणि थांबला. शुक्लाजी हळूच म्हणाले, "गया बेचारा."

मग काकाजींनी खुंटीवरची आपली गार्डाची बॅटरी काढली, तिच्यातले ताजे सेल काढून टेपमध्ये घातले. त्याच ओळीच्या पुढच्या शब्दावर म्हाताऱ्याची ती पोरगी झाली आणि नाचत सुटली. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या गोंधळात बाहेर येऊन चप्पल शोधायला लागलो. एक पायात गेली, दुसरी सापडेना. डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हाताऱ्यासाठी नाही, स्वतःसाठी.

मागून काकाजींचा आवाज आला, "कुठं चालले? जेवून जा, जवाईबापू."

मी तसाच उभा राहिलो, एक पाय उघडा. चुकीचं ऐकलं असेल असं वाटलं. माझ्या कानांचा भरवसा मला तरी कुठं उरला होता?

लग्न झालं. काकाजींच्या बैठकीत आता दर उन्हाळ्यात रेकॉर्ड आधी वाजते आणि बुढा मागून. त्यासाठी बरोबर तेवढेच उतरलेले सेल पुरवणं ही माझी कायमची ड्युटी आहे.

परवाच काकाजींकडे त्या तयारीला बसलो होतो, तेव्हा वर्षाला विचारलं, की एवढं होऊनही तू हो का म्हणालीस. ती म्हणाली, "बाकीचे पोरं आले, छान हाये म्हनले अन् चहा पिऊन गेले. तुमी एका कन्हणाऱ्या बुढ्यासाठी महिनाभर उन्हात सेल वाळवले."

मला भरून आलं. छाती फुगली. त्याच भरात मी पुन्हा सेल निवडायला लागलो आणि ती पुढेही काहीतरी बोलत राहिली. ती काय म्हणत होती ते नंतर शेजारी बसलेल्या सासूबाईंकडून कळलं: "अन् दुसरं असं, का ज्याले महिनाभर ऐकूनबी बाई हाये का बुढा थे समजलं नाही, त्याच्यापुढं मले जन्मभर मनाले येईल थे बोलता येईल. त्याले कुठं ऐकू जाते!"

तेव्हा मी मान वर करून तिला विचारलं होतं, "अं? काही म्हणाली का?"