खोटा फ्लॅश

लातुरात मकबूलभाईंसारखा फिल्मच्या बाबतीत चिकट फोटोग्राफर दुसरा नव्हता. माझं फ्रेमचं दुकान त्यांच्या स्टुडिओला लागूनच, म्हणून हक्कानं सांगतो. मिरवणुकीत पोरं "आमचा काढा, आमचा काढा" म्हणत सदरा ओढायची, तेव्हा ते कॅमेऱ्याचं बटण न दाबता नुसता फ्लॅश उडवायचे. पोरं खूश, फिल्म शाबूत! या खोट्या फ्लॅशवरून मी त्यांना फार चिडवायचो.

त्र्याण्णव साली किल्लारीच्या गणपती विसर्जनाला ते गेले आणि परतीची जीप चुकली. देवळापुढच्या पटांगणात झोपले, म्हणून वाचले. पहाटे भूकंपानं गाव पाडलं.

त्या रोलची कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे एकाच कागदावर तिकिटाएवढे सगळे फोटो, मी पाहिली आहे. निवडून छापलेल्या फोटोत फोटोग्राफर शहाणा दिसतो. शीटवर तो चाचपडताना दिसतो. वरच्या ओळींत लेझीम, गुलाल, मंडळाचे अध्यक्ष तर दोनदा. खाली नुसते दगडमातीचे ढीग, तिरके, हललेले. पोरांवर वाचवलेली फिल्म ढिगाऱ्यांवर संपली होती. माझं चिडवणं त्या दिवशी बंद झालं.

पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. फॉर्मवरच्या फोटोसाठी स्टुडिओत रांगा लागू लागल्या. अशाच एका रांगेत किल्लारीच्या केवळाबाई आल्या, दिराच्या पोरीला, पुनमला घेऊन. मकबूलभाईंना पाहून थबकल्याच.

"दादा, मिरवणुकीत माज्या पोरीचा, गुरम्माचा फोटू तुमीच काढलता. पिवळा झगा व्हता. त्याच पहाटं गेली ती. घरात तिचा एक बी फोटू न्हाई हो."

मकबूलभाईंनी शीट आणि भिंग आणून दिलं. बाई एकेका चौकटीवर बोट ठेवू लागल्या. "न्हाई... ही बी न्हाई..."

फिल्म खराब झाली म्हणून सांगून मकबूलभाईंनी मोकळं व्हावं, असं मला मनापासून वाटत होतं.

"बाई, शोधू नका," मकबूलभाई म्हणाले. "बटण दाबलंच न्हाई मी. नुसता फ्लॅश होता. फिल्म वाचवत होतो."

आता बाई शिव्याशाप देणार, असं वाटलं. दिले असते तरी वावगं नव्हतं. पण बाई शीटवरून हात फिरवत राहिल्या.

"उजीड तर पडलता की तिच्या तोंडावर," शेवटी म्हणाल्या. "लई हसली व्हती."

मग पदरानं डोळे पुसून त्यांनी पुनमला स्टुलावर बसवलं, तिची ओढणी सारखी केली.

"आता हिचा काढा, दादा. खरा काढा."