खिंडीखालची ढगाळ रात्र

विंचूरकडच्या एका द्राक्षबागायतदाराने मला बर्फ ओळखायला शिकवलं, असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसू देत. नव्वदीच्या मध्यावर आमच्या नाशिकच्या गिर्यारोहक गटाचे म्होरके तेच होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. वर्षभर बाग आणि मे महिन्यात हिमालय. हिमाचलातली एक खिंड पायी ओलांडायची, एवढंच त्यांचं वेड. दोनदा ते तिच्या पायथ्यावरून परतले होते. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा मी बरोबर होते. त्यांचं वय पन्नाशीपुढचं, गुडघा कुरकुरायला लागलेला. ही आपली शेवटची खेप, हे त्यांनी रेल्वेतच सांगून टाकलं होतं.

मी तेव्हा गंगापूर रोडवरच्या एका शाळेत शिकवत होते. बर्फ पाहिला होता तो फ्रिजमध्ये, नाहीतर गोळ्याच्या गाडीवर. हिमकडा कोसळतो म्हणजे वरून ढिगारा गडगडत येतो, अशी माझी समजूत. काकांनी ती पहिल्याच दिवशी मोडीत काढली. त्यांनी आम्हाला उतारावर काठी खुपसायला लावली. वर भुसभुशीत, मग एकदम टणक. नवा बर्फ जुन्या टणक थरावर नुसता टेकलेला असतो, त्यांनी समजावलं. उन्हाने ओला झाला की तो स्वतःच्याच भाराने निसटतो, आणि कधी कधी आपलं पाऊलच त्याला निमित्त पुरवतं. रात्री आभाळ मोकळं राहून कडाका पडला की सगळं घट्ट गोठतं, म्हणून उजाडायच्या आत निघायचं आणि ऊन तापायच्या आत पलीकडे उतरायचं. त्यांची परीक्षा साधी होती. "पाऊल वाजलं तर चालायचं. रुतलं तर माघारी."

आम्ही तळावर पोचलो त्याच्या आदल्याच दिवशी वर नवा बर्फ पडला होता. खिंड चढायच्या पहाटे तंबूबाहेर आलो तर हवा चक्क उबदार. आमच्यातले निम्मे द्राक्षाच्या गावांतले. थंडी पडली नाही की घरात आनंद, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. तोच आनंद आम्हाला तिथेही झाला. एकजण हात चोळत म्हणाला की आज बाग वाचली, आणि सगळे हसलो. काका तेवढे हसले नाहीत. उताराच्या कडेला गुडघे टेकून त्यांनी मूठ बर्फात घातली. हात कोपरापर्यंत आत गेला.

"रातभर आभाळ व्हतं," ते म्हणाले. "बर्फ गोठलाच नाय. माघारी फिरायचं."

आणखी एक दिवस थांबण्याइतका शिधा नव्हता. शेजारच्या तळावरचा गट मात्र पाठीवर सॅक चढवून निघालाही. ते पाहून माझं डोकं फिरलं. काका, तुम्ही घाबरलात, असं मी सगळ्यांदेखत बोलून गेले. त्यांनी शांतपणे बाहीवरचा बर्फ झटकला.

"हां. लय घाबरलोय," ते म्हणाले आणि तंबूच्या दोऱ्या सोडायला लागले.

तो दुसरा गट कंबरेपर्यंत रुतत का होईना, पण सुखरूप पलीकडे उतरल्याचं आम्हाला खाली गावात कळलं. उतार कोसळला असता तर नाशिकला काकांचा सत्कार झाला असता. कोसळला नाही, म्हणून पुढे कित्येक वर्षं प्रत्येक बैठकीत त्यांची फिरकी घेतली गेली, आणि त्यात मीही होते. काका एवढंच म्हणायचे की पोरं सुखरूप गेली, बरं झालं. ते मनापासून म्हणायचे. अंदाजाने उत्तर लिहून पास झालेल्या मुलाला मी वर्गात कधी हुशार म्हटलं नव्हतं. खिंडीच्या बाबतीत तेच कळायला मला इतकी वर्षं लागावीत, याची आता लाज वाटते. गुडघ्यामुळे काका पुन्हा हिमालयात गेले नाहीत.

दोन हजार साल उलटून गेल्यावर एका डिसेंबरात मी त्यांच्या मळ्यावर मुक्कामी होते. त्या रात्री थंडीने कहर केला. पहाटे उठले तर वेलींच्या ओळींमधून शेकोट्यांचा धूर भरलेला, घरातली माणसं पाणी सोडायला पळत होती, कारण अशा थंडीत मणी तडकतात आणि हंगाम हातचा जातो. गुडघ्याला पट्टा बांधलेले काका बांधावर उभे होते. वर आभाळ अगदी मोकळं होतं. गवतावरचं दव गोठलं होतं. काकांनी त्यावर हळूच पाय दाबला. करकर आवाज आला. त्यांनी पुन्हा दाबला.

"आज खिंडीत पाऊल वाजलं असतं बघ," ते म्हणाले. मग वाकून त्यांनी शेकोटीत आणखी काटक्या सारल्या.