चित्रामागचा मजकूर

डोळ्यांना जे दिसत नाही ते शब्दांनी दाखवणं, याहून पवित्र काम लेखणीच्या हातून होत नाही. हे वाक्य माझं आहे. सोलापुरातल्या एका निमसरकारी कार्यालयाच्या नव्या वेबसाइटचं उद्घाटन होतं, त्या भाषणासाठी मी ते साहेबांना लिहून दिलं होतं. साहेबांनी वाचताना 'लेखणीच्या' ऐवजी 'प्रशासनाच्या' म्हटलं, आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

त्याआधी बरीच वर्षं मी एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासत होतो. निवृत्तीनंतर दुसऱ्याच्या चुका काढायची सवय जात नाही आणि घरात तिला मागणी नसते. त्यामुळे या कार्यालयाला 'शुद्ध मराठी लिहिणारा माणूस' हवाय असं कळल्यावर मी गेलो. वरून आदेश आला होता की वेबसाइट अंधांनाही वापरता आली पाहिजे. अंध माणूस वेबसाइट ऐकतो. त्याच्या फोनमधला स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम समोरचा मजकूर मोठ्यानं वाचत जातो. चित्र आलं की तो अडतो. म्हणून प्रत्येक चित्रामागे दोन ओळी लिहून ठेवायच्या असतात. डोळसांना त्या दिसत नाहीत, प्रोग्रामला दिसतात. त्यांना ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. आमच्या कार्यालयात 'फोटोमागचं' म्हणत. "फोटोमागचं झालं का?" असं साहेब कॅबिनमधून विचारत.

माझ्या शेजारच्या टेबलावर वेबसाइटचं काम बघणारा ऑपरेटर बसायचा. पन्नाशीचा, रोज माढ्याहून एसटीनं येणारा. मी लिहिलेलं चित्रामागच्या चौकटीत टाकायचं काम त्याचं. पहिल्याच दिवशी त्यानं मला फोटोंचा साठा दाखवला. दीपप्रज्वलन, फीत कापणे, वृक्षारोपण, सत्कार, पुन्हा दीपप्रज्वलन.

"ह्यात काम करतानाचा फोटो कुटला?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"न्हाय," तो म्हणाला. "कामाचा फोटो काढायला येळ कुणाला हाय?"

वेबसाइट चालते का हे तपासायला उद्घाटनाच्या दिवशी एक अंध बाई बोलावली होती. विणकरांच्या वस्तीतली, घरात तेलुगू बोलणारी, चाळिशी ओलांडलेली. मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. तिनं व्यासपीठावर वेबसाइट उघडली, पहिलं पान ऐकलं आणि साहेबांनी माईक काढून घेतला. मग तिचा सत्कार झाला. शालीच्या जागी चादर, कारण सोलापूर. तिनं ती मांडीवर घेतली, कडेवरून बोट फिरवलं आणि शेजारी बसलेल्या मला हळूच म्हणाली, "आमच्याच गल्लीतली आहे. कड ओढलीय. सेकंडचा माल."

त्याच दिवशी तिनं मला काम शिकवलं. मी माझं पहिलं वर्णन तिला मोठ्या अभिमानानं वाचून दाखवलं होतं. 'प्रस्तुत छायाचित्रात सन्माननीय अतिथींच्या शुभहस्ते मंगल दीप उजळताना दिसत आहे.' ती ऐकून घेऊन म्हणाली, "सर, छायाचित्र आहे हे मशीनच सांगतं. परत तुम्ही कशाला सांगताय? आणि दिसत आहे म्हणजे कुणाला?"

"मग कसं लिहू?"

"मला त्या पानावर काय करायचंय ते बघा. फॉर्म भरायचा असला तर फॉर्मचं बटण कुठं आहे ते सांगा. तक्ता असला तर तक्त्यात काय आहे ते. नुसता शोभेचा फोटो असला तर चौकट रिकामी सोडा, मशीन पुढं जाईल. माझा वेळ वाचेल."

शोभेचा असेल तर रिकामी सोडा. ही सूचना मी साहेबांना सांगितली. साहेबांनी विचारलं, शोभेचा कोणता, हे कोण ठरवणार? सगळेच, असं मला म्हणता आलं नाही.

पुढे जे झालं ते कार्यालयात काम केलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. वर्णन मंजुरीसाठी फाईलवरून जाऊ लागलं. फाईल परत आली ती पदांसहित. फोटोत डावीकडून उजवीकडे जे उभे असतील त्या सर्वांची पूर्ण पदनामं, आधी 'माननीय', ज्येष्ठतेप्रमाणे. एकदा मागच्या रांगेत अर्धा कान दिसणारे एक सदस्य वर्णनात राहिले. त्यांनी स्वतः वेबसाइट ऐकली नव्हती, त्यांच्या मेव्हण्यानंही नव्हती. पण फाईलवर तक्रार आली आणि कानाला पदनाम मिळालं. दिवा पेटवतानाच्या एका फोटोचं वर्णन दीडशे शब्दांचं झालं.

"लई झालं की हे," ऑपरेटर म्हणाला. "वंशावळ हाय का फोटो?"

त्या आठवड्यात बाईंचा फोन आला. "सर, तुमचा दिव्याचा फोटो ऐकला. सात माणसं आणि एक दिवा. शेवटपर्यंत ऐकलं. पेटला का?"

"पेटला."

"मग ते लिहायचं राहिलंय."

ती फोन करायची त्याला कारण होतं. त्याच कार्यालयात लिपिकाची एक जागा अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांसाठी राखीव निघाली होती. तिनं लेखी परीक्षा दिली होती आणि यादीत पहिली आली होती. आता फक्त कागदपत्रांची पडताळणी उरली होती, मूळ प्रमाणपत्रं घेऊन ठरल्या दिवशी हजर राहायचं. वयाच्या सवलतीतलं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वेळी जागा निघाली तरी तिला अर्ज करता येणार नव्हता. वडील कारखान्यातून थकून घरी बसलेले. ती घरबसल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची आणि त्या तिला मुळीच आवडत नव्हत्या. "मला टेबल पाहिजे सर," ती म्हणायची. "माझ्या नावाचं. त्यावर कुणी दुसऱ्यानं डबा ठेवला तर भांडता येईल असं."

जाहिरातीत नेहमीचं वाक्य होतं की तारखांतील बदल वेबसाइटवर कळवले जातील, उमेदवारांशी वैयक्तिक पत्रव्यवहार केला जाणार नाही. आधी शेजारची एक कॉलेजातली मुलगी तिला रोज वेबसाइट वाचून दाखवायची. तिची परीक्षा आली, तिला वेळ होईना, बाईंनाही रोज तिला विचारायचा संकोच वाटू लागला. मला तिनं विचारलं, "सर, आता सगळं ऐकू येतं ना? तिला नाही म्हणू?"

मी म्हणालो, "म्हणा की. आता कुणाला विचारायची गरज नाही."

हे मी म्हणालो, हे लिहून ठेवायला हवं. पुढे ते कुणीच विचारलं नाही.

आता सूचना कशी तयार होते ते सांगतो. ऑपरेटर ती संगणकावर टाइप करतो. त्या वेळी ती साधा मजकूर असते, कुठलाही स्क्रीन रीडर ती वाचू शकतो. मग तिचा कागद निघतो. कागदावर जावक क्रमांक पडतो, साहेबांची सही होते, सहीवर गोल शिक्का बसतो, तोही सहीचा निम्मा भाग झाकेल असा, कारण सुटा शिक्का संशयास्पद. मग तो कागद थोडा तिरका स्कॅन होतो आणि वेबसाइटवर चित्र म्हणून चढतो. मी एकदा साहेबांना म्हटलं होतं की टाइप केलेला मजकूरच थेट टाकला तर माझं अर्धं काम कमी होईल. साहेब माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, "आणि शिक्का?"

तर एका सोमवारी निरोप आला की मुंबईहून एक मोठे पाहुणे येणार आहेत. त्यांच्या दौऱ्याच्या दिवशीच, म्हणजे शुक्रवारी, पडताळणी होती. सभागृह एकच. पडताळणी बुधवारवर आणली. सूचना टाइप झाली, शिक्का बसला, स्कॅन झाली. ऑपरेटरनं ती चढवताना मला विचारलं, "सर, ह्याच्या मागं काय टाकू?"

माझ्यासमोर तेव्हा पाहुण्यांच्या मागच्या दौऱ्याचे फोटो होते. ते नव्या दौऱ्याआधी वेबसाइटवर दिसायला हवेत असं कॅबिनमधून दोनदा आलं होतं. बरेच फोटो, सगळ्यांत तेच पाहुणे, आणि प्रत्येकात डावीकडून उजवीकडे. कागदावर काय आहे हे मी वळून पाहिलं नाही.

"सध्या 'सूचना' टाका," मी म्हणालो. "उद्या बघू."

"बरं," तो म्हणाला आणि त्यानं टाकलं.

मंगळवारी फोटो संपले नाहीत. पाहुण्यांच्या गळ्यातल्या हाराला वर्णनात 'पुष्पहार' म्हणावं की 'पुष्पमाला' यावर फाईल एकदा परत आली.

बाईंनी सोमवारी संध्याकाळी वेबसाइट ऐकली, मंगळवारी सकाळी ऐकली आणि दुपारीही. दर वेळी तिच्या फोननं म्हटलं, 'चित्र. सूचना.' आणि पुढे गेला. पुढे पाहुण्यांचा फोटो होता. तो मात्र सव्वा मिनिट चालला. सूचना म्हणजे जुनीच, शुक्रवारची असेल, असं तिनं धरलं. ते तिनं मला नंतर सांगितलं, आरोप न करता, एखादं गणित समजावून सांगावं तसं.

शुक्रवारी ती वेळेआधी अर्धा तास आली. वडिलांबरोबर, मूळ प्रमाणपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, इस्त्री केलेली साडी. दारावर कमान लागली होती. पोलिसानं त्यांना पाहुणे समजून आत सोडलं. ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "सर, इतकी गर्दी पडताळणीला?"

ऑपरेटर उठून उभा राहिला. तो एरवी कुणासाठी उठत नसे. "बाई," तो म्हणाला, "ती बुधवारी झाली की."

तिनं पिशवी छातीशी धरली. मग म्हणाली, "कळवलं होतं?"

"वेबसाइटवर हाय," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं.

मी तिला सूचना वाचून दाखवली. पहिल्यांदाच वाचत होतो. तिचे वडील तेलुगूत काहीतरी विचारत होते.

पाहुणे गेल्यावर मी साहेबांकडे गेलो. चूक माझी आहे, असं लेखी देतो म्हणालो. साहेबांनी ते घेतलं नाही. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच समजेना की मी कशाबद्दल बोलतोय. त्यांनी वेबसाइट तपासणाऱ्या प्रोग्रामचा अहवाल मागवला. तो प्रोग्राम प्रत्येक चित्रामागची चौकट भरलेली आहे का एवढंच बघतो. सगळ्या भरलेल्या होत्या. कुठेही लाल खूण नव्हती.

"वर्णन आहे ना?" साहेब म्हणाले.

"एक शब्द आहे."

"पण आहे ना? आणि चुकीचा आहे का? सूचनाच होती ती."

शब्द चुकीचा नव्हता. इतकी वर्षं मीही शब्द बरोबर आहे का एवढंच तपासत आलो होतो.

ती जागा यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराकडे गेली. त्याला थोडं दिसतं. तो फोन डोळ्याला लावून वाचतो, आणि सोमवारी त्यानं ती सूचना तशीच वाचली होती. चांगला मुलगा आहे. बाईंनी वर अर्ज केला. उत्तर आलं, त्यात लिहिलं होतं की सूचना विहित वेळेत प्रसिद्ध झाली होती. उत्तर स्कॅन करून पाठवलं होतं. ते तिनं मला फोनवरून पुढे पाठवलं आणि म्हणाली, "सर, ह्यात काय आहे ते सांगा. चांगलं असलं तर सावकाश सांगा, नसलं तर लवकर."

मी लवकर सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "आता शिकवणीची पोरं यायची वेळ झाली." शेजारच्या मुलीला तिनं पुन्हा बोलावून घेतलं असं पुढे कळलं. माझं तिला काही वाईट वाटलं की नाही ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती काहीतरी बरं बोलली असती, आणि ते मी घरी घेऊन गेलो असतो.

त्या सूचनेमागचा मजकूर मी त्याच शुक्रवारी संध्याकाळी लिहिला होता. तारीख, वार, वेळ, सभागृह, कोणती प्रमाणपत्रं आणायची. 'माननीय' एकदाही नाही. फाईल न फिरवता साहेबांनी जागच्या जागी मंजुरी दिली. ऑपरेटरनं तो चौकटीत टाकला, आणि आम्ही दोघांनी त्याच्या फोनवर ऐकून पाहिला. तो स्पष्ट ऐकू येतो. पूर्ण वाचायला सतरा सेकंद लागतात.