‘करमत नाही’ला रकाना नव्हता

करोनाच्या दुसऱ्या लाटेत मी पुण्याला निघाले, त्या सकाळी वीज केंद्राच्या आमच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या थांब्यावर पाळीवर जाणारे लोक कंपनीच्या बसची वाट बघत होते. मला पाहून ते चार पावलं मागे सरकले. नर्स म्हणजे चालताबोलता आजार, असा तेव्हा समज होता. नवऱ्याने बॅग खाली ठेवली, ‘पोचली का फोन करजो’ म्हणाला आणि त्याच बसमध्ये चढला. त्याची पहिली पाळी होती. रडायला कोणाला सवड नव्हती.

पुण्याच्या रुग्णालयाने पाठवलेल्या गाडीत मंगला मडावी आधीच बसलेली होती. कुरखेड्याच्या पलीकडे जंगलातलं तिचं गाव. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. चार वर्षांची लेक आईजवळ ठेवून आली होती. आम्ही दोघी कंत्राटी नर्स. वर्षभर नीट काम केलं तर कायम करू, असं रुग्णालयाने सांगितलं होतं. माझा अनुभव बघून मला वॉर्डची इन्चार्ज केलं.

तिथले दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगते. मी दात घासलेत की नाही, हे ब्रश ओला आहे का ते चाचपून ठरवायची. मंगला एकटीसाठी चार माणसांचा भात लावायची आणि तसाच टाकून द्यायची. चार्टवर कालची तारीख लिहायची. मी ती खोडून आजची करायची आणि तिच्यावर ओरडायची.

ती रोज एकच सांगायची, “बाई, मले करमून नाई राह्यलं.”

आपल्याकडे हे कोण म्हणत नाही? नवी नवरी पहिला महिनाभर म्हणते. बाजारातून आणलेली गायसुद्धा आठ दिवस हंबरते, तेव्हा लोक म्हणतात, तिले करमत नाई. चिमूरजवळच्या आमच्या गावी माझी आई यावर एकच औषध द्यायची: “करमत नाई त खराटा घे, आंगन झाड.” मी मंगलाला तेच दिलं. तिच्या ड्युट्या वाढवल्या.

मग समुपदेशकांचा फॉर्म आला. उदास वाटतं का, झोप लागते का, कामावर येण्याची भीती वाटते का. होय किंवा नाही.

“बाई, उदास म्हंजे काय लिवू? मले त करमत नाई.”

“करमत नाई हे काई बिमारी आहे का? ‘नाही’वर खूण कर अन् दे.”

तिने सगळीकडे ‘नाही’ केलं. मी खाली सही केली. आमच्याबरोबरच्या केरळच्या सिस्टरला तो शब्द कळला नव्हता, म्हणून तिने दोनदा विचारलं, म्हणजे काय होतं नेमकं? मला शब्द माहीत होता, म्हणून मी विचारलं नाही.

महिन्याभराने एका दुपारी मंगला पूर्ण पीपीई किट चढवून किट घालायच्या खोलीत स्टुलावर बसली आणि आत गेलीच नाही. दोन तास. मी हात धरून ओढलं.

“पायच उचलत नाई बाई. मारा मले, पन आत नोका नेऊ.”

कार्यालयाने मला एकटीला बोलावलं. समोर तिचा फॉर्म होता. “हिने आधी काही तक्रार केली होती?” होय म्हटलं असतं तर मग सही कशी केली, हे विचारलं असतं, आणि माझ्या कायम होण्याचा कागद त्याच टेबलावर होता. मी म्हटलं, नाही. कामचुकारपणा असा शेरा मारून तिला परत पाठवलं. आजारी आहे असं कोणी लिहिलंच नाही.

मी कायम झाले, पुण्यातच राहिले. आता ‘मले’ऐवजी ‘मला’ म्हणते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडते.

मागच्या उन्हाळ्यात कुरखेड्याकडे गेले. मंगला अंगणात मोहफुलं वाळवत होती. नर्सचं काम तिला पुन्हा कोणी दिलं नाही. शेरा आडवा येतो. तिची आई मला खाट झटकून देत म्हणाली, “बसा बाई. पोरगी सांगते, पुन्यात तुमीच होत्या म्हनून जगली.”

मंगलाने काळा चहा आणला. “मले मालूम आहे, तुमी लय बोल्ल्या असान माह्यासाठी सायबांपुढे. आपलं कोन आयकते?”

ते वाक्य सुधारायला मला एक मिनिट पुरलं असतं. मी चहा प्यायले.

तुम्ही आपल्याकडची माणसं; तुमच्यापैकी जे तिकडेच राहिले ते विचारतात, रिटायर झाल्यावर परत येणार का? जे माझ्यासारखे निघाले ते म्हणतात, आपलं घर तिकडंच. असेल. पण त्या अंगणात माझ्या नावाने जी बाई ओळखली जाते, ती मी नाही, आणि तिला तिथून हुसकावण्याची माझी हिंमत नाही. पुण्यात मला कोणी चांगली समजत नाही. म्हणूनच तिथे मला राहता येतं.