सकाळपाळीचा तक्ता

सकाळपाळी करून ताई चारच्या सुमाराला कोपरला यायची, ती घरात न शिरता आधी चाळीच्या टोकाच्या संडासाकडे जायची. चप्पल पायातच, पर्स माझ्या हातात. मी तेव्हा ठाण्याच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. कामावर संध्याकाळी सहाला जायचं असे, म्हणून त्या वेळी घरीच असायचो. संडासाला रांग असली की ताईला एका जागी उभं राहवत नसे.

ती ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयात नर्स होती. तिच्या मजल्यावरच्या नर्सेसच्या संडासात मोडक्या खाटा रचून ठेवलेल्या, किल्ली मेट्रनबाईंकडे. पेशंटांचा संडास वापरायला बंदी. तळमजल्यावर गेलं, तर वॉर्ड सोडला म्हणून मेमो. त्यामुळे ड्युटीवर नर्सेस पाणीच पीत नसत. ताईला मुतखडा झाला. भरपूर पाणी प्यायला नाहीत तर मूत्रपिंड जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

"बातमी करतो. तुझं नाव येणार नाही," मी म्हणालो.

"नाव कशाला लागतंय? मुतखडेवाली मी एकटीच आहे. गप बस रे."

तिने मेट्रनबाईंकडे किल्ली मागितली. "आम्ही नाही का काढल्या ड्युट्या? तुम्हा मुलींना सगळं जागेवर हवं," एवढंच उत्तर मिळालं.

पेशंट किती पाणी प्यायला, लघवी किती झाली, याचा तक्ता नर्स दर पाळीला भरते. लघवी झाली नाही, तर ताबडतोब वर कळवायचं असतं. ताईने एक कोरा तक्ता घेतला, सहा दिवस स्वतःचा भरला आणि पेशंटांच्या तक्त्यांत घालून मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवला. घेतलं: अर्धा कप चहा. लघवी: निरंक. सहाही दिवस तेच.

पुढचं तिने घरी सांगितलं. मेट्रनबाईंनी चष्मा चढवला. "सहा दिवस? आणि डॉक्टरांना कुणी कळवलं नाही? बेड नंबर कुठाय याचा?"

"बेड नाही, मॅडम. ड्युटीवर आहे."

त्यांनी तक्ता घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला.

तीन दिवस काहीच झालं नाही. मेमो येणार असं धरून ताई घरात येरझारा घालत होती. चौथ्या दिवशी खाटा गच्चीवर गेल्या आणि औषधांच्या कपाटाशेजारी खिळ्यावर किल्ली आली. आत बल्ब नव्हता.

त्या दुपारी पर्स घ्यायला मी हात पुढे केला. ताईने दारात चप्पल काढली, पर्स स्वतःच खुंटीला अडकवली आणि पाणी मागितलं. अर्धा पेला पिऊन थांबली, घड्याळाकडे पाहिलं, मग उरलेलं प्यायली.