निघून गेलेल्या दुखण्याचा पाठलाग

कुसुमताई साळवे यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख द्या, असं समितीने सांगितलं त्याला दोन महिने होऊन गेले. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठून येरझाऱ्या घातल्या. ताईंबद्दल खरं लिहायचं तर आधी माझी चूक लिहावी लागते, आणि ती गाळून केलेला गौरव ताई एका वाक्यात परत पाठवतील.

गिरण्यांचा संप सुरू झाला त्या वर्षी मी घाटकोपरला, डोंगराच्या पायथ्याशी, दवाखाना थाटला. पाटी नवी होती आणि गुर्मीही नवीच. ताई तेव्हा एका तपासणी केंद्रात कार्डिओग्राम काढण्याचं काम करत. आम्ही डॉक्टरांनी निरोप धाडला की यंत्र खाकी पिशवीत घालून बसने, नाहीतर पायी येत. माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा नमस्कार-चमत्कार काही नाही. खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या, "डॉक्टर, पेशंटला या बाकड्यावर झोपवणार? हलला की कार्डिओग्रामची पट्टी खराब येते. कॉट आणा." मी मुकाट्याने कॉट आणली.

महिन्याभरात त्या कॉटवर लक्ष्मीबाई परब झोपल्या होत्या. पन्नाशीच्या, मूळच्या कणकवलीकडच्या. यजमान संपामुळे घरी बसलेले, म्हणून त्या जेवणाचे डबे करून देत. सकाळी अकराच्या सुमारास जबडा आणि पाठ ठणकते म्हणून आल्या. अंगाला घाम होता, पण येईपर्यंत दुखणं ओसरलं होतं. मी ठरवून टाकलं, पित्त. तरी वयाकडे बघून ताईंना बोलावलं. पट्टी अगदी व्यवस्थित आली. मी औषध लिहून दिलं आणि घरी जायला सांगितलं.

"अर्धा तास थांबवा त्यांना," ताई म्हणाल्या. "परत काढू."

"कशाला? पट्टी नॉर्मल आहे. दुखणंही गेलंय."

"गेलंय म्हणूनच."

मला राग आला. "ताई, इथे डॉक्टर मी आहे ना?"

"हो, तुम्हीच आहात. म्हणून तर तुम्हाला सांगतेय."

लक्ष्मीबाई तोवर चपला शोधू लागल्या होत्या. "माका काय एक झाला नाय ओ! डबे रवले हत घराकडे."

ताईंनी त्यांचा खांदा धरून त्यांना पुन्हा कॉटवर बसवलं. "डबे खाणारे आज वडापाव खातील. झोपा गपचूप."

पुढची वीस-पंचवीस मिनिटं ताई कॉट आणि दार यांच्यामध्ये फेऱ्या मारत होत्या. मी दुसरे पेशंट तपासत होतो आणि मनातल्या मनात चरफडत होतो. एवढ्यात लक्ष्मीबाई कण्हल्या. ताईंनी मला हाक मारायच्या आधी वायरी जोडल्या होत्या. यंत्रातून सरकत येणाऱ्या कागदावर रेघ वर चढली, ती खाली यायला तयारच नव्हती. हार्ट अटॅक.

जिभेखाली गोळी दिली, अॅस्पिरिन चावायला लावली, टॅक्सी बोलावली. ताई मागच्या सीटवर त्यांना धरून बसल्या. पालिकेच्या रुग्णालयात पोहोचलो आणि तिथे, ट्रॉलीवरच, लक्ष्मीबाईंचं हृदय थांबलं. समोर डॉक्टर होते, शॉक द्यायचं यंत्र होतं. त्यांना परत आणलं. माझं ऐकून त्या निघाल्या असत्या तर त्या क्षणी घराकडे चढताना डोंगराच्या पायऱ्यांवर असत्या. आज सात वर्षांनीही दवाखान्यातून कुणी "आता बरं वाटतंय" म्हणत उठलं की मी त्याला पुन्हा कॉटवर बसवतो.

हे असं का होतं, ते थोडक्यात सांगतो. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षं चरबीचा थर साचत जातो. बिडी, तंबाखू, वाढलेला रक्तदाब, रक्तातली साखर त्याला खतपाणी घालतात. माणूस हिंडता-फिरता असतो, त्याला पत्ताच नसतो. मग एके दिवशी त्या थराला चीर जाते, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि वाट बुजते. हृदयाची वाट बुजली तर त्याचा तेवढा भाग मरू लागतो, मेंदूची बुजली तर अर्धांगवायू. पण कधीकधी गुठळी अर्धवट धरते, विरघळते, पुन्हा धरते. त्या मधल्या वेळात माणसाला बरं वाटतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. ताईंनी घरात पाहिलं होतं.

त्या दिवशी रुग्णालयाच्या व्हरांड्यात मी त्यांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? बसा म्हटलं तरी त्या बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांचे यजमान, साळवे, कुर्ल्याला छापखान्यात कामाला होते. एका सकाळी जेवताना त्यांच्या उजव्या हातातून भाकरी गळून पडली आणि बोलणं बोबडं झालं. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून ताकदीचं इंजेक्शन दिलं. आठव्या दिवशी ते छापखान्यातच कोसळले. पुढे चार वर्षं जगले, पण एक शब्द बोलले नाहीत.

"हात हलायला लागला तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं," ताई म्हणाल्या. "मलापण. मी त्यांना डबा भरून दिला आणि कामावर पाठवलं. दुखणं राहिलं तर माणूस डॉक्टरकडे जातो हो. निघून गेलं की कुणी जात नाही."

ताई तेव्हा त्याच तपासणी केंद्रात साफसफाईला होत्या. नवऱ्याची शुश्रूषा करता करता, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्या यंत्र शिकल्या. मराठी सातवीपर्यंत शिकलेल्या बाईंनी त्यावरची इंग्रजी अक्षरं आधी चित्रासारखी पाठ केली.

पुढे आम्ही दोघं मुलुंडच्या लहान कारखान्यांत, जेवणाच्या सुट्टीत, रक्तदाब तपासायला जाऊ लागलो. ही कल्पना ताईंचीच, मी आपला ओढला गेलो. तिथे बबन नावाचा लेथवरचा कामगार होता. एकदा हसत म्हणाला, "ताई, काल हाताला मुंग्या आल्या, तोंडपण वाकडं झालं. पाच मिनिटांत गायब! आता एकदम झकास."

"झकास काय रे? चल, आत्ता डॉक्टरांबरोबर रुग्णालयात जा."

"आत्ता शिफ्ट आहे ना. उद्या नक्की."

मीही आग्रह धरला, पण बबन आला नाही. तीन दिवसांनी त्याची उजवी बाजू गेली आणि वाचाही. ताईंनी हे स्वतःला लावून घेतलं. "मी त्याला उद्यावर का सोडलं?" हा प्रश्न त्यांनी मला किती वेळा विचारला असेल! मग दर रविवारी त्या मुलुंडला बबनच्या घरी जाऊ लागल्या. त्याच्या बायकोला हाताचे व्यायाम शिकवले, त्याच्यासमोर बसून एकेक अक्षर घोकून घेतलं. आठ महिन्यांनी बबनच्या तोंडून पहिला स्पष्ट शब्द आला. शिवी होती, आणि ताईंनाच दिलेली. हात फार ओढला होता म्हणे. ती बिचारी बायको शरमेने लाल झाली. ताई मात्र डोळ्यांना पदर लावून हसत सुटल्या. "पुन्हा दे रे," म्हणाल्या, "अजून जोरात दे!" बबन आता काठीने चालतो, कारखान्याच्या गेटवर बसून हजेरी घेतो.

ताईंचा सहवास सोपा नाही, हेही नोंदवायला हवं. लग्नाच्या पंगतीत वाढप्याची धाप मोजतील आणि त्याला हातातलं भांडं खाली ठेवायला लावतील. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी माझ्या सासऱ्यांच्या खिशातली तंबाखूची डबी काढून घेतली. सासरे महिनाभर बोलत नव्हते, नंतर तंबाखू सुटली तेव्हा ताईंकडे साडी घेऊन गेले.

आणि याच ताईंनी गेल्या वर्षी स्वतःची चक्कर लपवली. त्यांच्या लेकीने मला सांगितलं. तपासलं तर रक्तदाब खूपच वाढलेला. मी प्रथमच त्यांच्यावर ओरडलो, "तुम्हाला कळत नाही, ताई?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "दुसऱ्याचं कळतं हो."

केंद्रातून निवृत्त झाल्यावर आराम करतील अशी आमची भाबडी समजूत होती. दुसऱ्याच आठवड्यात दवाखान्यात येऊन त्यांनी मागची खोली मागितली. वस्तीतल्या चार मुलींना तिथे कार्डिओग्राम काढायला शिकवताहेत. हे लिहीत असताना भिंतीपलीकडून आवाज येतोय, "अगं, पट्टीकडे नंतर बघ, आधी बाईच्या चेहऱ्याकडे बघ!"

ताई, साठीनंतर शांत, निवांत आयुष्य चिंतायची रीत आहे. तुम्हाला ते सोसणार नाही. तुम्ही शंभरी गाठावी. सकाळची गोळी चुकवू नये. तुमच्या हाताखालून पोरींच्या तुकड्या बाहेर पडाव्यात, आणि त्यांतल्या एकीने तरी माझ्यासारख्या एखाद्या नव्या डॉक्टरशी भांडावं. आम्हाला मात्र तुम्ही कधी स्वस्थ बसू देऊ नका.